न उघडणारं पत्रक

अहो नाही हो, मी काहीही भलतंसलतं दाबलेलं नाही! खोड्या मी माणसांच्या काढतो, यंत्राच्या नाही — यंत्राला राग येत नाही, मग मजा काय? बसा ना. त्या खुर्चीवर जपून, तिचा एक पाय मोडकाय — बसलात? कसे दचकलात! मोडका-बिडका काही नाही, तुमचा चेहरा बघायचा होता. बरं, डॉक्टरसाहेब — बॅग घेऊन घरी आलात म्हणजे डॉक्टरच की — ह्या कॉम्प्युटरचा रोग सांगतो. आमच्या दादाच्या शाळेतल्या जुन्या पोरांचं एक मंडळ आहे, ते दर महिन्याला पत्रक काढतं आणि आपल्या साइटवर टाकतं. आता इथे टिचकी मारा — बघा, गोल फिरतंय, फिरतंय, फिरतंय... आणि हे घ्या, कोरं पान. वर पानांचे आकडे दिसतात, म्हणजे पानं आहेत, पण अक्षर म्हणाल तर एक नाही. आधी उघडायचं हो गुमान. त्यांनी साइट नवी केली आणि हे सुरू झालं. मी सगळं करून बघितलं — बंद करून चालू केला, वायर काढून परत खोचली, शेजारीणबाईंनी सांगितलं म्हणून आतली सगळी हिस्टरी पुसली. दादाला म्हटलंसुद्धा, तू जन्मभर इतिहास शिकवलास आणि मी एका बोटाने पुसला, आता बोल!

हळू बोला हं पण. तो पलीकडच्या खोलीत आहे. डोळे पार गेलेत त्याचे, पण कान असे झालेत की मी डब्यातली साखर खाल्ली तरी तिकडून ओरडतो. हो, थोरला भाऊ. तो मास्तर आणि मी सातवीतच शाळेला रामराम ठोकलेला — शाळेसमोरच सायकलचं दुकान टाकलं, म्हणजे त्याला रोज माझं तोंड बघावं लागेल! तर हे पत्रक मी त्याला वाचून दाखवायचो. अडखळत, चुकत, पण वाचायचो. मग एक दिवस हे असं कोरं आलं. सांगणार होतो हो मी, उघडत नाही म्हणून. पण तो दाढी करून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून, हात गुडघ्यांवर ठेवून बसलेला. म्हणाला, वाच. आणि मी वाचलं. — काय वाचलं म्हणजे? कोरं पान वाचलं! एकाला विमान दिलं चालवायला, एकीला न्यायाधीश केलं, एका ढब्ब्याला धावण्याच्या शर्यतीत पहिला आणला. दादा म्हणतो, तो? त्याला तर फळ्यापर्यंत यायला धाप लागायची! म्हटलं, छापलंय बाबा, मी काय करू. हसतो कसला! मग दर महिन्याला तेच. मलाही चटक लागली, खोटं कशाला बोलू.

तुम्ही करा तुमचं काम, मी आपला बडबडतो. काय आहे, दादाचा खरा जीव एकावरच. खडूचोर. सगळे त्याला खडूचोरच म्हणायचे — खिशात खडू भरून न्यायचा आणि माझ्या दुकानाच्या फळीवर गणितं करत बसायचा. घरात वहीला पैसे नसायचे ना. दादाला ते ठाऊक होतं. मुद्दाम टेबलावर जास्तीचे खडू ठेवायचा आणि मग दुसऱ्या दिवशी वर्गात बोंब मारायचा, खडू कोणी चोरले म्हणून! आणि घरात लबाड मी ठरलो, बघा. तर तो पोरगा मोठा झाला, लांब गेला, तरी फोन करायचा. मग फोन यायचे थांबले. दादा बोलत नाही, पण फोन वाजला की मान वळते त्याची. म्हणून मी काय केलं — पत्रकात त्याला घर बांधून दिलं. जुळ्या मुली दिल्या. मुलीपण शाळेतून खडू चोरतात म्हटलं, तेव्हा दादाला हसून हसून ठसका लागला. आणि गेल्या खेपेला माझ्या तोंडून निघून गेलं — लिहिलंय म्हटलं, सरांना भेटायला येणार आहे.

झालं! आता रोज विचारतो, कधी येणार? जेवण सुटलंय त्याचं. डॉक्टर — खरा डॉक्टर, तुमच्यासारखा नाही — मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, आता त्यांना हवं ते द्या. तर त्याला हवंय काय, खडूचोराचा आवाज. मी कुठून आणू? आमच्या जुन्या फोनवर कोणाचा नंबर दिसत नाही. मग आठवलं, ह्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर सगळ्यांचे फोन असतात. म्हणून तुम्हाला बोलावलं हो, नाहीतर माझं कोऱ्या पानावर झकास चाललं होतं. नंबर मिळाला की लावतो फोन. म्हणतो, तुझ्या पाया पडतो, पण एकदा येऊन जा, आणि जुळ्या मुली आहेत असं सांग. असोत नसोत.

काय म्हणता? ब्राउझर जुना झालाय? त्याला नव्या तऱ्हेची पानं दिसत नाहीत? — आमच्या घरचं पाणीच तसलं बघा! मग? फाइल आधी उतरवून घ्यायची आणि दुसऱ्याच कशात तरी उघडायची? एवढंच? — आलं! अहो आलं की! अक्षरं आली! — दादा, नवं पत्रक आलं रे! — चला, शेवटच्या पानाला चला. हा कितवा अंक म्हणायचा? पहिल्यांदा कोरा आला होता तोच? चालेल, नंबर काही बदलत नसतात. पुढे... पुढे... थांबा. मागे घ्या. एक पान मागे.

ही काळी चौकट — फोटो मोठा करा जरा. भुवई बघितलीत? मधोमध कापलेली? माझ्या दुकानासमोर आपटला होता सायकलवरून. ग्रीसच्या फडक्याने रक्त पुसलं म्हणून दादाने मला भर रस्त्यात झापलं होतं.

तुम्ही वाचू नका. मी वाचतो. अल्पशा... अल्पशा आजाराने... मागे फक्त आई.

फक्त आई.

म्हणजे मी घर बांधत होतो तेव्हा हा... आणि दादा हसत होता... तेव्हा हा —

हो दादा, आलो! थांब, तू उठू नकोस!

डॉक्टरसाहेब, हे परत कोरं करता येईल का? होतं तसं? नाही कसं, तुम्हाला सगळं येतं. पुसा. अहो, समोर अक्षरं असली की मला दुसरं काही वाचता येत नाही हो. निदान पडदा तरी बंद करा. — काठी वाजली. आला तो.

ये दादा. सांभाळून. हे निघालेत आता. — हो, आहे ना. त्याच्याबद्दल पण आहे. बस आधी. — निघा तुम्ही, डॉक्टर. दार ओढून घ्या जाताना. मला वाचायचंय.