कूलर चांगले निघाल्याची तक्रार

(नागपुरातल्या एका सरकारी आयटीआयचं भांडार. एप्रिलची दुपार. कूलर-पंखे दुरुस्ती शिकवणाऱ्या वंदना मॅडम आज भांडारपाल रुपरावांना सोडायच्या नाहीत.)

वंदना : तक्रार घ्याच, रुपरावजी. आलेले सगळे कूलर चांगले निघाले.

रुपराव : मले ऐकाले कमी येऊन राहिलं का? चांगले निघाले म्हणून तक्रार?

वंदना : मग काय करू? उद्या परीक्षा. बिघडलेला कूलर दुरुस्त करायचा. बिघडलेला आहे कुठे? मागच्या साली खोक्यातूनच जळक्या मोटरी निघाल्या होत्या. पोरं किती छान शिकली!

रुपराव : अन् साहेबानं माये खरेदीचे मार्क काटले, ते? भाव कमी, त्याचे मार्क. माल वेळेवर, त्याचे मार्क. खराब माल नाही, तक्रार नाही, त्याचेही मार्क. यंदा पहिल्यांदा पूरे भेटून राहिले, तं तुम्ही नाट लावता जी!

वंदना : आणि पोरं शिकली, त्याचे किती?

रुपराव : ते खरेदीत नाही येत.

वंदना : ठीक आहे. एक कूलर उघडते आणि वायर तोडते.

रुपराव : हात नका लावू बापा! गॅरंटी जाते!

वंदना : मग बिघडलेला विकत आणा. महाल भागात भंगारवाल्याकडे ढीग पडलाय.

रुपराव : अन् टेंडरमध्ये काय लिहू? ‘उत्तम दर्जाचा बिघाड पाहिजे’? साहेब मलेच भंगारात काढतीन.

वंदना : हसू नका हो. सावनेरहून येणारी खुशी आहे ना, ती नापास झाली तर तिचा बाप पुढे पाठवणार नाही. तोंडावर सांगून गेलाय.

रुपराव : …माया घरी आहे एक.

वंदना : काय?

रुपराव : कूलर. मोटर बंद, पंप बंद, पाणी टाकलं का करंट मारते.

वंदना : अगदी पाहिजे तसा! मग आधी काहून नाही बोललात?

रुपराव : घरात गरम होते म्हणून संध्याकाळी शेजारच्या मारोतरावच्या गच्चीवर जाले भेटते. पत्ते चालतात तिथं. बायकोले सांगून ठेवलं, हा कूलर आख्ख्या नागपुरात कोणाच्यानं सुधरत नाही.

वंदना : रुपरावजी! पोरीचं शिक्षण मोठं की तुमचे पत्ते?

रुपराव : आणतो जी, आणतो. पण खुशीले एक सांगजा.

वंदना : काय?

रुपराव : पास होण्यापुरताच सुधरव म्हणा.