शिवण कुठून घेणार?

मंडळी, ऐका! आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. मरणाची भीती टळली, आणि त्यावर बाईमाणसानं थोडं रूपही मागितलं, तर ते पाप का? हे पुढचे मामा मान हलवतायत... 'हो' म्हणून की डुलकी लागली म्हणून, देव जाणे!

तर शैला माळवदे. शिंप्याची सून, गावभरच्या बायकांची ब्लाउजं शिवणारी. तिच्या छातीत गाठ आली. सुपारीएवढी होती, लिंबाएवढी झाली! तपासणी झाली — गाठ साधी! कॅन्सर नाही! सासूनं ग्रामदेवी काळाईला नारळ फोडला. पण गाठ वाढत होती, काढायचं ठरलं. शैलाला रडूच फुटलं.

नवरा दत्तोबा म्हणाला, "अगं, जिवावरचं टळलं ना? मग कुठूनही कापू देत. कुणाला दाखवायचंय तुला?"

दत्तोबा वाईट नव्हे हं! तुमच्या-माझ्यासारखाच. म्हणजे बघा!

शैलाकडे ब्लाउज शिवायला एक बाई यायची, अशीच गाठ काढलेली. छातीवर आडवा वण, एक बाजू बसलेली. माप देताना भिंतीकडे तोंड करायची. शैला अस्तराखाली गुपचूप कापूस भरून द्यायची. दोघी त्यावर कधी बोलल्या नाहीत.

दुपारची वेळ. मशीनवर ऊन, मांडीवर देवीचा हिरवा खण. काळाईची चोळी दरसाल शैलाच शिवते ना! शिवता शिवता डोळा लागला... आणि काय सांगू मंडळी — दारात काळाई! केस मोकळे, पाय धुळीचे. म्हणते, "माप घे गं." शैलानं टेप लावली, तर बोटांखाली व्रण!

"आई, हे काय?"

"राक्षसाशी लढताना लागलं."

"दुखतं?"

"दुखत नाही. पण मला आवडत नाही गं! एवढी माणसं येतात, काही ना काही मागून जातात. मला कुणी विचारलंच नाही."

खण पसरत गेला, अंगणभर हिरवं हिरवं झालं, देवी त्यातून हळूहळू चालत गेली. शैला जागी झाली तेव्हा गाल ओले होते.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. डॉक्टरीणबाईंनी पेनानं गाठीवर सरळ रेघ ओढली.

"बाई, शिवण कुठून घेणार?" शैलानं विचारलं. "मी ब्लाउजच्या कटोरीची शिवण गोलाईनं घेते, डोळ्यांत भरत नाही. तसं बोंडाभोवतीच्या काळ्या भागाच्या कडेनं नाही का जमणार?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "जमेल, ताई. वेळ जास्त लागेल. थोडा खळगा राहीलही, शब्द देत नाही. पण हे मीच आधी विचारायला हवं होतं."

बाहेर आल्यावर दत्तोबा म्हणाला, "एवढं मनात होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं? तुम्ही सांगितलंत!"

सहा महिने गेले. कडेला दोऱ्याएवढी रेघ उरली. खळगा आहे जरासा, तो तिलाच ठाऊक. आंघोळ करताना आता ती गुणगुणते.

मंडळी, टाळ्या नकोत! आज घरी जा आणि बायकोला, आईला विचारा, "तुला काय हवंय?" आणि विचारलंत ना, की तोंड मिटून बसा! लगेच उत्तर येणार नाही. इतक्या वर्षांत कुणी विचारलेलं नसतं.