पाचवं शील

(धुळ्यातलं रुग्णालय, कॅन्सरचा वॉर्ड. खाटेवर चुडामण आबा, उशाशी त्यांची बायको भागाबाई, पुढ्यात गोळी घेऊन सिस्टर संघमित्रा.)

संघमित्रा : मग ही गोळी न घेऊन तुम्हाला मिळणार काय आबा, तेवढं सांगा.

चुडामण : शील राहील माझं. पिंपळनेरच्या विहारात सगळा समाज बसला होता, त्यांच्यासमोर दारू सोडली. आता जाताना अफू खाऊ?

संघमित्रा : अफू नाही, मॉर्फिन आहे.

चुडामण : अफूपासूनच करतात, डॉक्टर बोलले. नाव संघमित्रा अन् नशा वाटत हिंडस!

संघमित्रा : नशेपुरती नाही देत, दुखण्यापुरती देते. आजार बरा करणारं औषध आता नाही, ते तुम्हाला सांगितलंय. दुखणं मोडणारं आहे, ते कपाटात ठेवून काय करू?

चुडामण : सोसस ना मी.

भागाबाई : हो, लई सोसतस! टॉवेल दातात धरतस अन् म्हणतस, दुखत नही.

चुडामण : तू गप ऱ्हाय.

भागाबाई : तुम्ही प्यायचे तेव्हा गपच होते मी. पोरी, ते पाचवं शील सांग बरं, साध्या मराठीत.

संघमित्रा : ज्यानं भान सुटतं, ते मी घेणार नाही.

भागाबाई : भान! आता ऐका. पिऊन आले की दारातच मला विचारायचे, "कोण शे तू?" काल सकाळी कळ आली, मी पाणी पुढं केलं. वाटी उडवली अन् तेच विचारलं.

चुडामण : मी?

भागाबाई : शेजारच्या खाटेवरच्या प्रेमराजला विचारा. लाजून बिचाऱ्यानं भिंतीकडं तोंड केलं.

चुडामण : माले आठवत नही.

भागाबाई : तेव्हाही आठवायचं नाही.

चुडामण : ...सिस्टर, गोळी घेतल्यावर हिला ओळखीन ना मी?

संघमित्रा : सुरुवातीला जरा गुंगी येईल, मळमळेल. पोट साफ व्हायचं औषध सोबत देते. डोस थोडाच आहे, बघत बघत वाढवू. दुखणं दबलं की ओळखाल आबा.

चुडामण : आण. पाणी मात्र तिच्या हातचं.

संघमित्रा : आबा, तास झाला गोळीला, परत आले बघायला. आता कसं वाटतंय?

चुडामण : हळू बोल. झोपली शे ती.

संघमित्रा : अन् दुखणं?

चुडामण : शे. पण नाल्यापल्याड गेलं. तिथून ओरडतंय.

संघमित्रा : ह्या कधी झोपल्या?

चुडामण : पाणी पाजलं अन् खुर्चीतच कलंडली. पुण्य मी माझ्या नावावर चढवत होतो सिस्टर, झोप हिची जात होती.

भागाबाई : जागी शे मी. सांगा बरं, कोण शे?

चुडामण : भागा. दारूचं मोलही तूच भरलं, शीलाचंही तूच. निज आते.