कण्हणारा सांधा

ऐका. आधी नुसता कण्हला. सांधा गं, गाडी या रुळावरून त्या रुळावर वळवणारा! वरून काही गेलं नव्हतं, वारा नव्हता, आणि लोखंड कण्हलं.

शेगडीजवळ सरका, पोरींनो. तुम्ही नव्या भरतीच्या, म्हणून आत्ताच बजावते: अंधार पडल्यावर बोगद्याकडच्या पायवाटेनं जायचं नाही. मी गेले. तपासणी राहिली होती. निघताना ट्रॅकवरचे बरकूमामा म्हणाले, "म्याडम, सांध्याला हात लावायच्या आधी 'दादा, लावू का?' म्हणा. मेलेला सांधेवाला बसतो तिथं." मी हसले. इंजिनियर ना मी!

तर कण्हला. म्हटलं, कण्हणारच. उतारावर प्रत्येक गाडी ब्रेक दाबून याला घासत जाते, चढणीला मागून इंजिन रेटतं. लोखंडही थकतं, परीक्षेत लिहिलंय मी. बॅटरी धरली. अगं बाई! सरकत्या रुळाचं टोक झिजून सुरीसारखं, आणि त्याला चीर! चाक त्यावर चढलं की गाडी थेट दरीत.

खात्रीसाठी हातोडी उगारली. ठण्ण!

अगं, मी अजून मारलीच नव्हती!

"क... कोण?"

ठण्ण. ठण्ण.

"दादा, लावू का?" हो, म्हणाले! पदवी गेली खड्ड्यात. तर सांधा खट्टकन आपोआप सरकला आणि माझी ओढणीच धरली! ओढते, सोडेना. "दादा, सोडा हो, लग्न व्हायचंय माझं!"

तेवढ्यात वर घाटात मालगाडीची शिट्टी.

वॉकीटॉकीत स्टेशनमास्तरांना ओरडून सांगितलं, "मास्तर! सांधा गेलाय! गाडी थांबवा!"

खर्रर्र.

"मास्तर, सांधा गेला हो! उठता येत नाहीये!"

खर्रर्र.

रूळ थरथरायला लागले. ओढणी गळ्यातून काढताही येते, हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते तिथं सुचलं. सुटले! पण गाडीतल्या ड्रायव्हरचं काय? बॅटरीचा लाल दिवा लावून हलवत बोगद्याकडे पळत सुटले, ठेचकाळत, "मास्तर! मास्तर!" करत. आतून उजेड वाढत होता, वाढत होता... आणि ब्रेक किंचाळले. उजेड बोगद्याच्या तोंडाशी येऊन थांबला.

हातातली वॉकीटॉकी खरखरली.

"मॅडम, सिग्नल लाल केलाय! गाडी येणार नाही, घाबरू नका. पडून राहा, स्ट्रेचर पाठवतोय. फक्त सांगा, कुठल्या गुडघ्याचा सांधा गेला?"