मिठाच्या पाण्यातली ओळख

चूक तात्यांचीच. माझे थोरले चुलते. भूमच्या माळावर जन्मभर मेंढरं राखली, म्हणून जगातलं प्रत्येक जनावर आपल्याला कळतं, असा त्यांचा समज.

माझ्याकडं दोन चिंचिला माद्या होत्या. उंदरासारखे गोल मोठे कान, खारीसारखी शेपूट आणि केस इतके दाट की भिजले तर लवकर वाळतच नाहीत. सोलापूरच्या एका घरानं नको झालेला नर दिला, त्याला मी तिसरा म्हणून आणला. भुऱ्या. त्याचा पिंजरा पंधरा दिवस नुसता शेजारी ठेवायचा, म्हणजे एकमेकांच्या वासाची सवय होते. पाचव्याच दिवशी तात्या म्हणाले,

"परकं कोकरू मेंढीला लावताना मिठाचं पाणी चोळतो आमी. ती चाटत बसती अन् आपलं मानती."

"तात्या, ही मेंढरं न्हायत. त्याला ओलं करू नका."

"कॉलेज सोडून घरी बसलेला तू. मला शिकवतो व्हय?"

मी गवत आणायला मागं गेलो. आलो तर ओलाचिंब भुऱ्या माद्यांच्या पिंजऱ्यात, आणि थोरली मादी मागच्या पायांवर उभी राहून दात वाजवत होती.

"तात्या, दार उघडा!"

"दम धर लेका. ओळख होऊ दे."

तेवढ्यात तिनं झेप घेतली. तात्यांना ढकलून मी हात घातला, तर मुठीत भुऱ्याचे नुसते केस आले. दुसऱ्यांदा तो सापडला.

रक्त बघून तात्या म्हणाले, "मीठ कमी पडलं."

भुऱ्याचा अर्धा कान गेला. तेव्हापासून तो माझ्याही हातात येत नाही.