निळ्या डोक्याचा हत्ती

छावणीतल्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या नीरजाशेजारी पन्नाशीतले बहीणभाऊ भांडत होते. भावाच्या मांडीवर मोठ्यांनी रंगवायचं पुस्तक होतं, त्यांच्या लहानपणच्या कार्टूनचं.

“दादा, हत्ती कुठं निळा असतो का?”

“नुसतं डोकं निळं आहे. पाय हिरवे केलेत.”

“डॉक्टरनं तुझ्या बीपीसाठी रंगवायला सांगितलं. हे बघून माझंच वाढायलंय!”

“मग तू बघू नको, सुरेखा.”

“तुझ्या लेकीनं, सायलीनं पुण्याहून एवढ्या हौसेनं पाठवलं. तिला हा फोटो पाठवू?”

“व्हय, पाठव. आपण बघायचो तसाच आहे.”

“आपण कुठं बघायचो? घरात टीव्ही तरी होता का?”

“चतुरामावशीच्या दारात उभं राहून बघायचो की. तिच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला ती रंगीत काच लावलेली नव्हती का? वर निळी, खाली हिरवी.”

सुरेखानं पुस्तक हिसकावलं. आता ते फाटणार, असं नीरजाला वाटलं.

“लई शहाणा! अन् मधला नारिंगी पट्टा? पोट नारिंगी दिसायचं त्याचं. आण ती पेन्सिल इकडं.”