शर्यतीतला सिग्नल

हाडांच्या दवाखान्यात बाकावर माझ्या शेजारी एक निवृत्त बसचालक आणि त्यांची बायको बसली होती. पूर्वी अशा बाकांवर माणसं फक्त दुखण्यांबद्दल बोलायची.

“मोबाइलवर खेळून अंगठा सुजला, असं सरळ सांगा डॉक्टरांना.”

“खेळ बंद करायला लावतील. रिटायर झाल्यापासून स्टिअरिंग हातात येतं ते तेवढंच.”

“मग दुसरा खेळ खेळा. तो बंदुकांचा?”

“त्यात मेलेला माणूस लगेच उठून पळतो. नुसता पोरखेळ.”

“शेतीचा?”

“त्यातली गाय कधी आजारीच पडत नाही. सगळ्या थापा! गाड्यांचा खेळ तेवढा खरा.”

“म्हणून रोज शेवटचे येता होय?”

“मी सिग्नलला थांबतो.”

“अहो, शर्यतीत कोण थांबतं?”

“तीस वर्षं थांबलो. आता अंगठा आपोआप ब्रेकवर जातो.”

इतक्यात दार उघडून डॉक्टरांनी विचारलं, “काय झालं अंगठ्याला?”

बसचालकांनी अंगठा पुढे केला आणि बायकोकडे पाहिलं.

“धुणं पिळून सुजलाय हो,” बाई म्हणाल्या. “घरात फार मदत करतात.”

मग आत जाता जाता त्यांनी नवऱ्याला हळूच सांगितलं, “सूज उतरली की धुण्याची बादली तुमची.”